कमरेला खोचलेला कान

लकडगंज, नागपूर
८ सप्टेंबर २०२५

चि. प्रेमलता हीस श्रीधरदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद रीतीप्रमाणे दिले. आता रागाकडे वळतो.

तुझं पत्र परवा मिळालं. गौरींना कोणती साडी नेसवली, पुरणपोळ्या कशा फुगल्या, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली, सगळं सविस्तर आहे. तुझ्या दाराची कडी तोडावी लागली, त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. तुला वाटलं, दादाला कुठून कळणार! अगं, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुझ्या शेजारच्या गोपिकेनं मला फोन केला होता. म्हणाली की भाऊ, मावशी दार उघडून नाही राहिल्या, कधीची कडी वाजवून राहिली मी, अन् आतून जळल्याचा वास येऊन राहिला. इकडे आपल्या शेजारच्या आरामशीनवर लाकूड चिरणं चालू. मला तिचं अर्धंच ऐकू आलं. फोन कानाला लावून मी अंगणात नुसता उभा. शेवटी तिच्या सासऱ्यांनी, त्या बापूजींनी, कडी उखडली. तेव्हा तू मागच्या पडवीत दाराकडे पाठ करून मिरच्यांचे देठ खुडत बसली होतीस म्हणे, आणि कुकरचा कोळसा झाला होता. वर तू त्यांनाच विचारलंस की तुम्ही आत आलात कसे!

त्या तापानं तुझे कान नेले, कानात घालायचं यंत्रही कामी आलं नाही, म्हणून आपण हा पत्रांचा उद्योग मांडला. माझी काही तक्रार नाही. पण भिवापूरहून पत्र इथे यायला कधी चार दिवस लागतात, कधी आठ. उद्या काही बरंवाईट झालं तर ते मला पोस्टानं कळायचं का?

तेव्हा ठरलं आहे. मागची खोली रिकामी केली. आमच्या चिरंजीवांची, उन्मेषची, कॉलेजची पुस्तकं माळ्यावर टाकली, पंखा दुरुस्त केला, खिडकीला जाळी लावली. तू इकडे राहायला यायचं. आपली आई असती तर तिनं तुला हात धरून आणलं असतं. तुझ्या वहिनीचं, कुसुमचंही हेच म्हणणं आहे.

दुसरी कटकट सांगतो. उन्मेषनं पुण्याहून मला नवा स्मार्टफोन पाठवला आहे. माझा जुना बटणांचा फोन काय वाईट होता? हा नवा घेतल्याबरोबर नाव विचारतो, जन्मतारीख विचारतो, अंगठा मागतो, मग चेहरा मागतो. लग्न जुळवताना तुझ्या सासरच्यांनीही एवढी चौकशी केली नव्हती. मी तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. या घरात आणि त्या घरात मिळून शहाणी माणसं आता आपण दोघंच उरलो.

कळावे. राग आहे, पण तो मायेचाच आहे असं समजून लवकर निघावे.

तुझा,
श्रीधरदादा


भिवापूर
१६ सप्टेंबर २०२५

ती. दादास प्रेमलताचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही.

तुझं पत्र मी हातभर लांब धरून वाचलं. तू कागदावरसुद्धा ओरडतोस. पण तुझा काय दोष, आपण आरामशीनच्या शेजारी वाढलो. आपल्या घरात भाजी वाढ असं सांगायलाही सगळे घसा ताणायचे.

कडीचं लिहिलं नाही, कारण हे असं होणार हे मला माहीत होतं. कुकर जळला हे खरं. त्या दिवशी फोन चार्जिंगला लावून मी मागे जाऊन बसले, ती माझी चूक.

आता तू विचारशील, फोनचा नि कुकरचा काय संबंध. दादा, पाणी पी आणि मग पुढचं वाच. माझ्याकडे स्मार्टफोन आहे. उन्हाळ्यापासून आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू प्रत्येक पत्रात या असल्या फोनांना शिव्या घालतोस आणि मला आपल्या पक्षात धरतोस. तुझा पक्ष सोडून गेल्याचं सांगायला धीर होईना.

हा फोन माझ्या कमरेला खोचलेला असतो. कुकरची शिट्टी कशी असते, दाराची कडी कशी वाजते, हे गोपिकेनं त्याला शिकवून ठेवलं आहे. आवाज झाला की तो थरथरतो आणि कशाचा आवाज ते पडद्यावर दाखवतो. कधी फसतो. रस्त्यावर पोरांनी शिट्टी मारली की मी गॅस बंद करायला धावते. पण खरी गंमत पुढेच आहे. समोरचा माणूस बोलायला लागला की हा ते लिहून दाखवतो. मराठीत. गोपिका तिच्या बोलीत सुरू झाली की थोडा गडबडतो, पण तिचा अर्थ मला तिच्या हातवाऱ्यांवरूनच कळतो.

कान गेल्यापासून सगळी माणसं माझ्यावर ओरडतात. आधी मोठ्यानं सांगतात, मग त्याहून मोठ्यानं, मग कपाळावर आठ्या घालून हात झटकतात, की जाऊ दे, काही नाही. त्या जाऊ दे मध्ये किती गोष्टी गेल्या माझ्या! हा फोन ओरडत नाही आणि जाऊ देही म्हणत नाही. वाचलं नाही तर पुन्हा वर सरकवून वाचता येतं.

आम्ही बायका मिरचीपूड करून विकतो, ते तुला माहीत आहे. पूर्वी व्यापारी बोलायला आला की मी मागे बसायची. आता बाहेरगावचे लोक फोनवर लिहूनच मागणी करतात. मी मिरचीचा फोटो काढून पाठवते, उत्तर लिहिते. कोणाला कळतही नाही की पलीकडची बाई बहिरी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर इतकी कामाची मी कधीच नव्हते.

म्हणून दादा, मागच्या खोलीला जाळी लावलीस, फार गोड वाटलं. पण मला इथेच राहायचं आहे, माझ्या घरात.

कळावे. माया आहेच, तिचा आवाज तेवढा जरा कमी करावा.

तुझी,
प्रेमलता


लकडगंज, नागपूर
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. प्रेमलता हीस अनेक आशीर्वाद. पाकिटात आपट्याचं पान घातलं आहे, ते माझ्याकडून सोनं समज. बाकीचं पत्र सोन्यासारखं नाही.

फितूर झालीस. मी सहा महिने तुला या असल्या फोनांच्या तक्रारी लिहितो आहे आणि तू तो कमरेला खोचून वाचत होतीस. कुसुमला सांगितलं तर ती इतकी हसली की चहा सांडला.

तुझ्या फोनवर माझा विश्वास बसावा असं तुला वाटतं. तर माझे हाल ऐक. उन्मेष ऐकेना म्हणून माझा कपाटातून काढला. विजेचं बिल आता म्हणे कागदावर बघूच नका, फोनवर बघा. गॅसचा नंबर लावायचा तर फोन. डॉक्टरकडे मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बाकावर बसलो. एकामागून एक माणसं येतात, थेट आत जातात. विचारलं तर तिथली नंबर घेणारी पोरगी म्हणते, काका, त्यांनी घरूनच नंबर लावला, तुम्ही फोनवर काहून नाही लावला? मी म्हटलं, मी जिवंत माणूस इथे बसलो आहे तो दिसत नाही का! भाजीवालीकडे पाच रुपये सुटे मागितले तर ती पाटी दाखवते, की इथे फोन धरा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी!

कुसुमचं तर विचारूच नकोस. दोरीवर कपडे भिजत होते आणि ही आत बसून फोनला विचारत होती की आज पाऊस पडेल का. आणि हा फोन संध्याकाळी मला सांगतो की आज तुम्ही कमी चाललात. मी विचारलं होतं का? माझ्या बापानं कधी असं विचारलं नाही.

एक मान्य करतो. परवा इतवारीतून येताना रस्ता खोदलेला होता आणि त्यानं मला दुसऱ्या गल्लीतून बरोबर घरी आणलं. पण ती गल्ली मला माहीत होतीच, आठवली नव्हती इतकंच.

आता खरं बोलतो. हे यंत्र चार्जिंग संपलं की मेलं. तू स्वतःच लिहिलंस, चार्जिंगला लावला आणि कुकर जळला. भिवापुरात वीज गेली की तासन्‌तास येत नाही. त्या वेळी तू बाथरूममध्ये पाय घसरून पडलीस, तर तो तुला उचलणार आहे का? मिरचीचे फोटो काढून कोणी म्हातारपण काढत नाही. माणसाला माणूस लागतो.

भाऊबीजेला आम्ही दोघं येतो आहोत. भाड्याची मोठी गाडी सांगितली आहे, सामान राहील अशी. कपडे, औषधं, देव, जे लागेल ते काढून ठेव. यावर मला आता पत्र नको.

कळावे. लोभ आहे म्हणूनच इतका त्रास होतो, हे ध्यानात असू द्यावे.

श्रीधरदादा


भिवापूर
१० ऑक्टोबर २०२५

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र नको म्हणालास म्हणून लहानच लिहिते.

वीज गेली तर माझ्याकडे शाळेतली पाटी आणि खडू आहे. दाराशी खिळ्याला टांगून ठेवली आहे. येणारा लिहितो, मी वाचते. चार्जिंगचा एक जास्तीचा डबाही गोपिकेनं आणून दिला आहे. पडायचं म्हणशील तर लकडगंजलाही बाथरूम आहेच.

आणि आता फोन कधीच अंगापासून दूर ठेवत नाही. माझी चूक एकदा झाली, पुन्हा होणार नाही.

भाऊबीजेला जरूर ये. गोळाभात करते, त्यावर कढवलेलं तेल, तुला आवडतं तसं. वहिनींना म्हणावं संत्राबर्फी आणा. गाडी लहान सांगितली तरी चालेल, कारण परत जाताना तीत तुम्ही दोघंच असाल.

ओवाळायला तबक घासून ठेवते. यावं, पोटभर जेवावं आणि भांडायचं ते जेवण झाल्यावर भांडावं.

प्रेमलता


भिवापूर
२६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास नमस्कार.

सुखरूप पोहोचलात हे उन्मेषनं लिहिलं. तू लिहिलं नाहीस, म्हणजे अजून रागात आहेस. मीही आहे, आणि का ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

भाऊबीजेला जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत पानसुपारीला बसलात, तू, वहिनी आणि गोपिका. मी समोर बसून सुपारी कातरत होते. माझा फोन तबकाशेजारी उताणा पडला होता आणि लिहीत होता. तुला तो दिसत होता. त्याच्याकडे बघून तू नाकही मुरडलंस. पण तुझं बोलणं तो मला दाखवतो आहे, हे तुझ्या मनातच आलं नाही. तुझं एकट्याचं नाही म्हणत मी. कान गेल्यापासून सगळ्यांनाच ही सवय लागली आहे. मी समोर बसलेली असते आणि माझ्याबद्दल असं बोलतात, जशी मी परगावी आहे.

तू वहिनींना म्हणालास की हिला काय कळतं, आपण बोलतो तशी मान हलवते नि हसते. म्हणालास की आधी कान गेले, आता डोकंही मंद होऊन राहिलं हिचं. हिला विचारण्यात अर्थ नाही, चार दिवसांसाठी म्हणून न्यायचं आणि मागे घराला कुलूप घालून टाकायचं. मग गोपिकेला म्हणालास की तू हिच्या नकळत कपडे बांधून ठेव. गोपिका काय म्हणाली तेही आलं. ती म्हणाली, भाऊ, मी नाही बांधत, तुम्ही मावशीलेच विचारा.

दादा, मी एक एक ओळ वाचत होते आणि हसत होते. हसत होते, कारण तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात. मग उठून आत गेले. तुला वाटलं मी लवंगा आणायला गेले. मी ओट्याला धरून रडले. नंतर तू माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडलास की चार दिवस चल, मजा येईल. मी नाही म्हटलं, तेव्हा तू तांब्या आपटलास. तुला माझा हट्ट दिसला. पण तू बोललेलं मी वाचलेलं होतं.

मन असं उठलं होतं की तुला कधी लिहूच नये. पण जाताना काय झालं तेही सांगायला हवं. वहिनी गाडीत जाऊन बसल्या. तू पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होतास, माझ्याकडे पाठ करून. मी मागे उभी होते, फोन हातात होता. तू स्वतःशीच बोलत होतास. म्हणालास की कडी तोडली त्या दिवसापासून मला झोप नाही. म्हणालास की ही इथे एकटी पडली तर मी काय करू, लहानपणचं माझं म्हणून आता हिच्याशिवाय आहे कोण. मग पट्टा लागला आणि तू उठून गेलास. मागे वळून हातसुद्धा केला नाहीस.

पहिलं तू माझ्या तोंडावर बोललास, कारण मला ऐकू येत नाही. दुसरं माझ्याकडे पाठ करून बोललास, तेही त्याच कारणानं. मला दोन्ही कळलं. इतकी वर्षं दुसरं एकदाही मला का सांगितलं नाहीस? नुसता हुकूम सोडत राहिलास. खोली रिकामी केली, गाडी सांगितली, सामान काढ. तुला भीती वाटते, हे एका ओळीत लिहिलं असतंस तर मी गौरींच्या साड्या सोडून त्याचंच उत्तर दिलं असतं.

मी येणार नाही. माझं डोकं मंद झालेलं नाही, तू तपासून बघ हवं तर. पण तुझी झोप उडाली आहे याचं मला वाईट वाटतं, त्याचा काही उपाय करू. तू आणलेली साडी सुंदर आहे, पण या वर्षीची ओवाळणी मी वेगळी मागते. यापुढे माझ्याबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी बोल. फोनच्या समोर, एका वेळी एकानं, आणि न ओरडता.

माया तुटलेली नाही, दुखावली आहे. ती सांभाळून घ्यावी.

प्रेमलता


लकडगंज, नागपूर
५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेमलता हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी फोनवरच चिडलो. म्हटलं, हा चहाडखोर आहे. चार माणसं बसलेली असताना गुपचूप लिहून घेतो म्हणजे काय! कुसुमनं शांतपणे विचारलं की तो तबकाशेजारी उताणा पडला होता, गुपचूप कुठे होता, गुपचूप तर तुम्ही बोलत होतात. मग मी कुसुमवर चिडलो. मग चिडायला कोणी उरलं नाही.

प्रेमलता, मी चुकलो. तू समोर बसली होतीस आणि मी तुला फर्निचर समजून बोललो. तुझं डोकं मंद नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू नाही म्हणतेस याचा मला इतका राग येतो की तुला कळतच नसावं असं मानलं की बरं पडतं. यापलीकडे मला नीट लिहिता येत नाही. गोपिकेला सांग, तिचं बरोबर होतं.

भीतीचं खरं आहे. ते तू वाचलंस हे एका अर्थी बरं झालं, मला तोंडानं सांगता आलं नसतं.

आता ओवाळणीचं. उन्मेष दिवाळीला आला होता तो तुझं पत्र आलं तेव्हा इथेच होता, त्याच्याकडून ते लिहिणारं यंत्र माझ्या फोनवर घालून घेतलं आणि तो गेल्यावर सराव सुरू केला. तुझी जुनी पत्रं घेऊन मोठ्यानं वाचली. पडद्यावर काही नाही. आणखी ओरडून वाचली. भलतंसलतं उमटलं. तिसऱ्यांदा मी इतका वैतागलो की हळू आवाजात म्हटलं, अरे बाबा, काय करू तुझं आता. तर हे वाक्य त्यानं काना-मात्रेसकट बरोबर लिहिलं! कुसुम म्हणते, लग्न झाल्यापासून मी जे सांगून राहिली ते तुम्ही फोनचं ऐकलं. आता आम्ही दोघं संध्याकाळी त्याच्यासमोर बसून हळू बोलायचा अभ्यास करतो. शेजारी आरामशीन सुरू झाली की तो गप्प बसतो, मग आम्हीही गप्प बसतो. घरात इतकी शांतता मला सोसत नाही.

आणखी एक. पेन्शनसाठी हयातीचा दाखला असतो ना, दरवर्षी बँकेत जाऊन रांगेत उभं राहतो तो? या वेळी फोनवर केला. चेहरा गोलात धरा म्हणाला. धरला. डोळे मिटा, उघडा. मिटले, उघडले. म्हणतो, चेहरा सापडला नाही. मी खुर्चीत धडधडीत बसलेलो आणि याला मी सापडत नाही! खिडकीजवळ गेलो, चष्मा काढला, पुन्हा लावला, टोपी काढली. शेवटी कुसुमनं दिवा धरला तेव्हा त्यानं मान्य केलं की मी जिवंत आहे. शिव्या पुष्कळ घातल्या, पण खरं सांगतो, बँकेची पायरी चढावी लागली नाही. गुडघ्यांनी आभार मानले.

तू तिथेच राहा. हे लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून पुन्हा वाचायला लावू नकोस. फक्त दर रविवारी संध्याकाळी मला तुझा चेहरा दिसला पाहिजे. गोपिकेच्या फोनवर मी दिसेन नि बोलेन, शेजारी तुझा फोन लिहील, असं उन्मेष म्हणतो. तू तोंडानं बोल, तुझं मला ऐकू येतंच. सोळा तारखेपासून सुरू करू. मागची खोली तशीच ठेवतो, कधी चार दिवस आलीस तर. खरोखरचे चार दिवस.

चूक पदरात घ्यावी आणि जुना लोभ पुन्हा सुरू करावा.

श्रीधरदादा


भिवापूर
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास आणि वहिनींस प्रेमलताचा साष्टांग नमस्कार.

काल आपण बोललो आणि आज पुन्हा पत्र, म्हणून तू चिडशील. पण एक गोष्ट अशी झाली की ती लिहूनच सांगायला हवी.

आधी तुझी शाबासकी. एकदाही ओरडला नाहीस. पडद्यावर प्रत्येक वाक्य स्वच्छ उमटत होतं आणि तुझा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता. तू मला विचारलंस की एकटीला भीती वाटते का. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा विचारलंस. मी वाटते म्हणाले, कधी कधी. तू म्हणालास मलाही. एवढ्यावर मला रात्री छान झोप लागली, तुला लागली का ते कळव.

मग तू म्हणालास, बरं, ठेवतो. आणि इथेच तुझी फजिती झाली. पडद्यावरचं ते लाल बटण थोड्या वेळानं आपोआप लपतं. ते तुला सापडेना. तू फोन उलटासुलटा केलास, आम्हाला तुमचं छत दिसलं, तुझं नाक दिसलं, आणि मग सगळा काळोख झाला. तू वैतागून फोन पालथा घालून टाकलास. चित्र गेलं, पण आवाज येत होता. माझा फोन आपला लिहीतच राहिला.

गोपिका बंद करायला निघाली. म्हणाली, मावशी, भाऊनं फोन बंदच नाही केला वं. मी तिचा हात धरला. चोरून ऐकणं वाईट, हे मलाही कळतं, तरी धरला.

तू वहिनींना म्हणालास की हे बटण कोण्या गाढवानं लपवलं. मग आमटीत मीठ जास्त झालं म्हणालास. वहिनी म्हणाल्या, सकाळी कमी पडलं म्हणून तुम्हीच ओरडले होते. मग कोणाचा तरी ट्रक तुमच्या फाटकासमोर उभा होता, त्याचा उद्धार झाला. मग चष्मा हरवला, मग चष्मा डोक्यावर सापडला. मधेच बराच वेळ पडद्यावर काहीच उमटेना, आणि मला कळलं की आरामशीन सुरू झाली. दादा, मला आरामशीन ऐकू आली. तुम्ही गप्प होतात ना, त्या रिकाम्या ओळींत ती होती.

शेवटी वहिनींनी विचारलं की कशी वाटली ही. मी पडद्याला डोळे लावून बसले, भाऊबीजेसारखं काही येतं की काय म्हणून. तू म्हणालास की वाळली आहे. मग म्हणालास, पण आज खरं हसून राहिली होती.

मला ऐकू येत होतं तेव्हा तुझी कटकट मी कधी लक्ष देऊन ऐकली नाही. कान गेले तेव्हा वाटलं, गाणी गेली, पाखरं गेली. खरं तर हे गेलं होतं. दुसऱ्या खोलीत कोणीतरी उगाच बोलतं आहे, आणि ते आपल्या कानावर पडतं आहे, हे. माझ्याशी तर आता सगळे बोलतात, हळू, एक एक करून, फोनसमोर बसून. पण माझ्याशी न बोललेलं असं काही कित्येक वर्षांत माझ्यापर्यंत आलं नव्हतं. तुझी बॅटरी संपेपर्यंत मी वाचत बसले. गोपिका स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून चिडली, पण फोन ठेवून गेली.

आता हे तुला सांगितलं आहे, म्हणजे ते चोरून राहिलं नाही. यापुढे माझ्याबद्दल वाईट बोलायचं असेल तर फोन आठवून बोल. उन्मेष तुला ते लाल बटण परत कसं आणायचं ते शिकवायला निघेल. त्याला सांग, तुझ्या डोक्यात ते शिरत नाही.

दादा, फोन बंद करायला शिकू नकोस.

लोभ आहेच. तो असाच कानावर पडत राहावा.

तुझी,
प्रेमलता